जेवण बरं असते हो, आवाज तेवढा कमी करा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात नागपुरातल्या नव्या हॉटेलांची आणि कॅफेची ओळख येत असते, मी ती आवडीनं वाचतो, फोटो पण पाहतो, अन् सगळ्या फोटोत भिंतीवर तीच प्लास्टिकची हिरवी पानं, त्यावर निळी गुलाबी नियॉनची अक्षरं, वरून लोंबणारे बल्ब आणि कोपऱ्यात एक झोपाळा, म्हणजे धरमपेठ असो की मानेवाडा, फोटोवरून सांगता येत नाही. खाली लिहिलं असते की अँबियन्स एकदम मस्त. पण तिथं बसून समोरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येते का, खुर्चीवर अर्धा तास धड बसवते का, ताटातली भाजी कोणत्या रंगाची आहे हे दिसते का, याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. थोडं लांबेल, कापायचं असेल तर कापा.

मी केटरिंगवाला आहे. लग्न, साखरपुडा, वास्तुपूजन, रिटायरमेंटची पार्टी, तेरवी, सगळ्या ऑर्डरी घेतो. त्यामुळे एक गोष्ट मला रोज दिसते जी हॉटेलात एकदा जाऊन लिहिणाऱ्याला दिसत नाही. आचारी तोच, मसाला तोच, गंज म्हणजे पातेले तेच, वांग्याची भाजी तीच, पण एका ठिकाणी लोक दुसऱ्यांदा वाटी भरून नेतात आणि दुसऱ्या ठिकाणी उष्ट्याच्या टबमध्ये अर्धी ताटं भरलेली येतात. पहिल्यांदा वाटायचं की आचाऱ्यानं मीठ कमी-जास्त केलं, त्याच्याशी भांडण पण झालं, तो म्हणे भाऊ तुम्हीच चाखून पाहा, आणि चाखलं तर बरोबर असायचं. मग चव गेली कुठं?

लॉनवरच्या लग्नात पाहा. जेवण सुरू होते साडेआठ-नऊला, डीजे तेव्हाच तापात असते, अन् जागेची सोय म्हणून किंवा वायर लांब न्यावी लागू नये म्हणून एक मोठा स्पीकर बरोबर जेवणाच्या काउंटरकडे तोंड करून ठेवलेला असते. आमचे वाढणारे पोट्टे पाहुण्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून ओठ पाहून अंदाज लावतात, पुरी म्हटलं की पनीर वाढतात. या वेळात पाहुणे येतात, ताट भरतात, उभ्या उभ्या चार घास खातात, रबडी फिक्की आहे म्हणतात अन् आइस्क्रीमच्या काउंटरवर निघून जातात. मग दहा वाजता पोलिसांच्या धाकानं डीजे बंद होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, वर्षातले मोजके दिवस सरकार सूट देते तेवढी सोडून. आणि डीजे बंद झाला की आमच्या काउंटरचं चित्रच बदलते. लोक खुर्च्या ओढून गोल करून बसतात, गोड परत मागतात, कोणी आचाऱ्याचं नाव विचारते, कोणी वडाभातावर अजून फोडणीचं तेल टाका म्हणते. रबडी तीच, त्याच कढईतली. आता मला पण कळते की दहानंतर जेवणारे बहुतेक घरचे असतात, दिवसभराचे उपाशी असतात, त्यांना काहीही गोड लागेल. पण दरवेळी सगळं श्रेय भुकेलाच द्यायचं म्हटलं तरी मन मानत नाही.

माझा भाचा शिकलेला आहे, त्यानं मला यावरचे अभ्यास काढून समजावून सांगितले, आणि मी ते ऐकून थक्क झालो कारण आम्ही काउंटरमागे उभं राहून जे पाहतो तेच तिकडं लोकांनी नीट बसवून, कानाला हेडफोन लावून तपासलं आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०११ साली छापलेला प्रयोग आहे. लोकांना डोळे बांधून खायला दिलं आणि कानात नुसता खरखर आवाज, कधी हळू कधी मोठा. आवाज मोठा झाला की तेच खाणं कमी गोड आणि कमी खारट लागलं, पण जास्त कुरकुरीत वाटलं. त्यातच अजून एक गोष्ट निघाली, ज्याला तो आवाज जितका बरा वाटला त्याला खाणं पण तितकं बरं लागलं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामी येणार आहे.

नंतर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत विमानाच्या आतल्यासारखा घोंघाट, म्हणजे ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास, लावून पाच चवी तपासल्या. खारट, आंबट, कडू यात विशेष फरक नाही, गोड मात्र दबली, आणि जपानी लोक ज्याला उमामी म्हणतात ती टोमॅटो, मशरूम, मटणाच्या रश्श्यात असते ती चव उलट वाढली. विमानात लोक टोमॅटोचा ज्यूस एवढा काहून मागतात याचा विचार लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीनं पण केला होता, त्यात विमानातल्या कोरड्या हवेचा आणि कमी दाबाचा पण हात आहे, नुसत्या आवाजाचा नाही. पण आवाजाचं एक कारण शरीरातच आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडं नेणारी नस कानाच्या पडद्याला अगदी लागून जाते. हे मला माहीतच नव्हतं, मी तर समजत होतो जिभेचा कानाशी काय संबंध.

आता हे लग्नाला लावा. आमच्याकडच्या लॉनवरचा डीजे विमानापेक्षा मोठा असते हे सांगायला मशीन नको, छातीत धडधडते त्यावरून समजते. म्हणजे रबडी, जिलेबी, मूंग हलवा, ज्यावर यजमानाचा सर्वात जास्त पैसा जाते, त्याच गोष्टी आवाजात मार खातात, आणि रश्श्याच्या, टोमॅटोच्या ग्रेव्हीच्या भाज्या तरून जातात. काही हलवाई लॉनच्या ऑर्डरला साखर थोडी चढीच ठेवतात, त्यांना कोणी अभ्यास सांगितला नाही, तक्रारी ऐकून ऐकून हात तसा बसला. आणि मग तोच हलवा दुसऱ्या दिवशी घरी शांततेत खाल्ला की घसा धरते.

पापडाचं पण ऐका. ऑक्सफर्डमध्ये २००४ साली लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि चावण्याचा त्यांचाच आवाज माइकमधून घेऊन हेडफोनात वाढवून ऐकवला, तर तेच चिप्स त्यांना जास्त ताजे, जास्त कुरकुरीत वाटले, आवाज दाबला तर शिळे वाटले. यासाठी त्यांना २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येते मग विचार येते अशा संशोधनाला देतात ते. आमच्याकडं हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, नागपूरच्या मे महिन्यात हॉलमध्ये चारी बाजूनं मोठे पाण्याचे कूलर लावतात, त्या ओल्या हवेनं पापड दहा मिनिटांत सादळते, पुरी चामट होते, मग लोक म्हणतात केटररनं सकाळचंच तळून आणलं. कूलरचं तोंड काउंटरवरून जरा बाजूला करा म्हणून मी डेकोरेशनवाल्याच्या मागं लागतो तर तो म्हणते पाहुणे भाजतील. त्याचं पण खरं आहे. ४५-४६ डिग्रीत, अंगात कोट घालून, कोणाला मसालेभात गोड लागणार? नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. तसल्या उन्हाच्या दिवसांत पण लोक मुहूर्त काढतात, मेन्यूत चार तळलेल्या वस्तू ठेवतात अन् मग मठ्ठा आणि पन्हं संपलं म्हणून आमच्यावर ओरडतात.

लाइटचं एवढंच सांगतो की स्टेजवरचे ते जांभळे निळे लाइट जेवणाच्या काउंटरवर फिरवू नका. पालक पनीर काळं दिसते, वरण राखाडी दिसते, आणि माणूस आधी डोळ्यानं जेवते. फ्रान्समध्ये वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग टाकून दिला तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दात केलं, २००१ सालचं आहे हे. शिकलेल्यांचं असं, मग आपलं काय. आमच्या संत्रा बर्फीला केशरी रंग कमी पडला तर गिऱ्हाईक म्हणते यात संत्रं नाहीच, अन् रंग चढवला की वास घेऊन वा वा. काउंटरवर साधे पिवळे उबदार दिवे असले की अर्धं काम होऊन जाते, खर्च पण कमी.

मधात एक सांगून ठेवतो, या विषयावर जे जे छापून येते ते सगळं खरं समजू नका. लहान ताट घ्या म्हणजे आपोआप कमी खाल, मोठ्या भांड्यातून वाढलं की जास्त खाता, असले जे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरत असतात त्यातलं बरंच एका अमेरिकन प्रोफेसरच्या अभ्यासातून आलेलं आहे आणि त्याचे सहा पेपर २०१८ मध्ये एका दिवशी मागं घेतले गेले, युनिव्हर्सिटीनं पण गैरप्रकार झाला म्हणून सांगितलं, मग त्यानं राजीनामा दिला. त्यामुळे कोणी सल्लागार तुम्हाला भिंतीचा रंग बदला की बिल वाढेल असं सांगत असेल तर खिसा सांभाळा.

आता मुख्य दुखणं, उभं राहून जेवणं. डाव्या हातात ताट, त्यातच ग्लास कसाबसा अडकवलेला, पर्स काखेत, लेकरू कडेवर, उजव्या हातानं पुरी तोडायची तरी कशी, एका हातानं पुरी तुटत नाही हो. मग लोक काय करतात, पुरी सोडून भात घेतात, चमच्यानं खाता येते ते घेतात. रस्सा घेत नाहीत, साडीवर सांडेल म्हणून. म्हणजे पाटवडी रस्सा आम्ही दुपारपासून जीव ओतून करतो आणि संध्याकाळी तो बाजूच्या मोजक्या टेबलांवर बसलेल्या म्हाताऱ्यांपुरताच जाते. तरी यजमान बुकिंगच्या वेळी एलईडीची भिंत, फुलांचा बोगदा, धुराची मशीन, थंडा पायरो सगळं लिहून घेतात आणि टेबल-खुर्च्या म्हटलं की म्हणतात राहू द्या, जागा जाते. मी प्रत्येकाला सांगतो, फुलाच्या बोगद्यातले अर्धे पैसे खुर्च्यांना द्या. ऐकणारे कमी.

यावर काही जुने लोक लगेच म्हणतील की पंगतच बरी होती. होती, काही बाबतीत. गरम गरम वाढणारा तुमच्यासमोर येत होता, मीठ-लिंबू-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं, ताटात जागा ठरलेली, सगळे एकाच वेळी सुरू करायचे, उदबत्तीचा वास, रांगोळी, आणि आग्रह. आग्रहाची चव वेगळीच, पोट भरलं असताना कोणी नाव घेऊन एक जिलेबी टाकली की ती खाल्ली जाते. पण पंगतीत दुसऱ्या पंगतीचे लोक तुमच्या पाठीशी उभे राहून तुमचा मठ्ठा संपायची वाट पाहत असत ते पण आठवा, कितीही चांगलं वरण असलं तरी मानेवर कोणाचा श्वास असला की घास उतरत नाही. आणि जुन्या पंगतीत कोणी कुठं बसायचं, कोणाला आत आणि कोणाला मांडवाबाहेर, हे पण जातीवरून ठरलेलं होतं, ज्याला बाहेर बसवलं त्याला विचारा वातावरण कसं होतं. ते परत आणायचं नाही. बसून, वाढून, सर्वांना एकत्र, एवढं आणता आलं तर आणा. वाढपी मिळत नाहीत ही आमची अडचण खरी आहे, पैसे जास्त लागतात, पण शंभर-दीडशे माणसांच्या साखरपुड्याला होते, मी करून देतो.

तुम्ही म्हणाल हा माणूस शांततेचा आग्रह धरून राहिला तर मग सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ ट्रकच्या हॉर्नमध्ये, धुळीत, उभं राहून खाल्लेले तर्री पोहे काहून गोड लागतात? रास्त प्रश्न आहे, मी पण यावर डोकं लावलं. डिसेंबरची थंडी, हातात गरम प्लेट, वर लाल तर्रीतले चणे, कांदा, शेव, आणि त्यात गोड चव शोधायला कोणी जातच नाही, तिखट आणि मसाला शोधतो, ते आवाजात मरत नाही. वर तो आवाज त्या जागेचाच असते, आपण तो मागून गेलेलो असतो. वर सांगितलेली दुसरी गोष्ट तीच, आवडणारा आवाज आडवा येत नाही. नवरदेवाचे दोस्त डीजेसमोर नाचून घामेघूम होऊन येतात तेव्हा त्यांना माझं कोणतंही पनीर गोडच लागते. त्रास त्या आजीला होते, त्या मामांना होते, ज्यांनी तो आवाज मागितला नाही.

सावजीचं पण तसंच. साधी टेबलं, वर पंखा, आत शिरलं की मसाल्याचा वास नाकात, शेजारचा नाक पुसून राहिला, कपाळावर घाम, स्टीलच्या ताटात कांदा-लिंबू, वाटीवर तेलाचा तवंग. हलबा कोष्टी समाजाच्या घरातून निघालेलं हे जेवण, त्याला ती जागा शोभते. तेच मटण कोणी एसीत, काळ्या पाटीच्या तुकड्यावर, बाजूला तीन थेंब सॉसचे काढून आणून देतो तेव्हा मसाला तोच असला तरी काहीतरी तुटते, भाकर कुस्करायला वाटीच नसते तिथं. काळ्या पाटीवर पण एक अभ्यास आहे, स्ट्रॉबेरीचं तेच गोड पांढऱ्या प्लेटमध्ये काळ्यापेक्षा सुमारे १० टक्के जास्त गोड लागलं म्हणे. मटणाचं कोणी तपासलं असेल तर मला कळवा.

आणि दीक्षाभूमी. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला तिथं जो जनसागर येते त्यांच्यासाठी रस्त्यारस्त्यावर भोजनदानाचे स्टॉल लागतात, मंडळं, संस्था, कर्मचारी संघटना, घरचे लोक, सगळे वाढत असतात. भोंगे, गर्दी, ऊन, पत्रावळीत भात-भाजी, बुंदी. माझ्या हिशेबानं तिथं चव लागायलाच नको. पण लांबून रात्रभर गाडीत उभं राहून आलेला माणूस फुटपाथवर बसून ते भात-वरण असं समाधानानं खाते की मला माझ्या सगळ्या काउंटरांची लाज वाटावी. तिथं वाढणारा घाई करत नाही, पुन्हा घ्या म्हणते, नाव-गाव विचारत नाही. रोडग्यांच्या पार्टीत पण हेच, शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, हात धुवायला विहिरीचं पाणी, चटई पण धड नाही. तेच रोडगे लोक मला हॉलमध्ये करायला सांगतात, मी करतो, पण धूर आणता येत नाही आणि चार तास वाट पाहून लागलेली भूक पण आणता येत नाही, आधीच सांगून टाकतो.

हॉटेलवाल्यांनी मोठ्या आवाजाचं फास्ट गाणं काहून लावावं याचं मात्र मला साधं व्यापारी कारण दिसते. अमेरिकेत डॅलसच्या एका रेस्टॉरंटमध्ये केलेला अभ्यास १९८६ साली छापला गेला, हळू गाणं असलं तर लोक सरासरी ५६ मिनिटं बसले, फास्ट असलं तर ४५. जेवणाचं बिल जवळपास सारखंच, फक्त हळू गाण्यात पिण्याचं बिल वाढलं. आता रविवारी संध्याकाळी दाराबाहेर लोक नाव लिहून उभे असताना टेबल लवकर सुटलेलं कोणाला नको? पण मंगळवारी दुपारी रिकाम्या हॉटेलात, चार टेबलं भरलेली असताना, तेच धडाडधूम काहून? वेटरला म्हटलं कमी करा तर तो म्हणते सर, वरून कंट्रोल आहे. मी एकदा वर पाहिलं, स्पीकरच होता.

तर आपल्याकडं मागणं एवढंच आहे की आपला वार्ताहर नव्या हॉटेलात गेला की मोबाइलमध्ये आवाज मोजायचं फुकट ॲप टाकून न्यावं, ते काही कोर्टात चालणारं मोजमाप नाही पण अंदाज येते, आणि शनिवारी रात्री आठला किती होता, मंगळवारी दुपारी किती होता, बोलता आलं की नाही, खुर्ची कशी होती, मेन्यू वाचण्याएवढा उजेड होता का, म्हाताऱ्या माणसाला नेता येईल का, असं दोन ओळीत छापावं. लोक ते वाचतील आणि हॉटेलवाले पण सुधारतील, कारण पेपरात काय छापून येते याची त्यांना फार धास्ती असते. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ आणि ५५, ही मर्यादा नियमात लिहिलेलीच आहे, लॉनच्या बातम्या देताना तेवढी पण छापत जा.

आणि तुळशीचं लग्न झालं की सिझन सुरू होते, बुकिंग आत्तापासूनच चालू आहे, तेव्हा लॉनवाल्यांनी आणि यजमानांनी निदान डीजेचा स्पीकर जेवणाकडं तोंड करून ठेवू नये, वायर कमी पडत असेल तर माझ्या गोडाऊनमध्ये पन्नास फुटाची आहे, नेऊन परत करा.

आपला वाचक,
एक केटरिंगवाला, नागपूर